वैनगंगेकाठचा ‘का’

एका मोठ्या झाडाच्या फांदीवर मोगली आणि बगीरा रात्रीपुरते चढून बसलेत. पोराला माणसांच्या गावात जायचं नाही आणि बगीराला त्याला तिथं पोचवायचंच आहे. बोलाचाली होते, बगीरा डोळे मिटतो. तेवढ्यात पानांमधून एक लांबोडकं तोंड खाली येतं आणि त्याच्या डोळ्यांत रंगीत कडी फिरू लागतात. पोरगं अडखळत बगीराला हाक मारतं. बगीराला वाटतं, हा अजून हुज्जतच घालतोय. आता सकाळपर्यंत काही बोलायचं नाही, असं तो डोळेही न उघडता बजावतो. त्यावर पोराभोवती वेटोळं घालणारा ‘का’ नावाचा अजगर गोड आवाजात म्हणतो, सकाळी हा इथं असणारच नाही.

डिस्नेच्या १९६७ सालच्या ‘द जंगल बुक’मधला हा प्रसंग मला फार आवडतो आणि फार खुपतोही. दोन्ही खरं आहे. मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावात शिकवते आणि सर्पमित्र म्हणूनही काम करते. धानाच्या बांधीत, कोंबड्यांच्या खुराड्यात, कुणाच्या सांदवाडीत साप निघाला की फोन येतो. आमच्याकडे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, पुष्कळ, त्यामुळे अजगरही पुष्कळ. आणि वर्गातली पोरं अजगराबद्दल जे काही मला विचारतात, त्यातलं निम्मं या एका चित्रपटातून आलेलं असतं.

आधी आवडण्याबद्दल. संपूर्ण चित्रपटात ‘का’ दोनदाच येतो, दोन्ही वेळा थोड्या मिनिटांसाठी. तरी कुणालाही त्याचं नाव सांगा, लगेच आठवतो. याचं मोठं श्रेय स्टर्लिंग हॉलोवे यांच्या आवाजाला. याच माणसाने विनी द पू या भोळ्या, मधाच्या मागे लागलेल्या अस्वलालाही आवाज दिला होता. म्हणजे ज्या आवाजावर मुलांचा आधीच जीव जडलाय, तोच आवाज इथं अजगराच्या तोंडी आला. जरासा खरखरीत, मऊ, स-स लांबवणारा. दरडावणाऱ्या खलनायकापासून पोरं लांब पळतात. हा मात्र त्यांना झोपायला सांगतो. ‘ट्रस्ट इन मी’ हे त्याचं गाणं अंगाईच्या चालीत जातं. ही चाल मुळात संगीतकार शर्मन बंधूंनी ‘मेरी पॉपिन्स’साठी केलेल्या आणि तिथं न वापरल्या गेलेल्या एका गाण्याची होती. टाकून दिलेली चाल इथं इतकी चपखल बसली की ती दुसऱ्या कुणासाठी केली असेल यावर विश्वास बसत नाही.

आणि ते वेटोळ्यांचं चित्रण! गाण्यात मोगली झोपेत चालतो आणि त्याच्या पावलाखाली अजगराचं अंग पायरी होऊन येतं. पोरगं पाऊल टाकतंय आणि जमीन नाही, अजगर आहे. ही कल्पना ज्याला सुचली त्याला धूर्तपणा म्हणजे काय ते नेमकं कळलं होतं. समोरच्याला वाटावं आपणच चालतोय, आणि वाट मात्र आपली नसावी.

मग शेरखान येतो. तो ‘का’ची लोंबणारी शेपटी दारावरची घंटी ओढावी तशी ओढतो. इतका वेळ राजासारखा वागणारा अजगर क्षणात लाचार होतो. आपण एकटेच गात होतो म्हणतो, वेटोळ्यातलं पोर लपवतो, शेरखान नाकपुडीत नख घालतो तेव्हा कळवळतो पण हसतमुख राहतो. वाघाला कावेबाजपणाची गरजच नाही, त्याच्याकडे पंजा आहे. ‘का’ला फसवावं लागतं, कारण तो भितो. आणि दोन्ही वेळा त्याची फजिती होते. मोगली फांदीवरचं वेटोळ्यांचं ओझं ढकलतो, सगळा अजगर खाली घसरतो, शेपटीला गाठ बसते आणि तो कण्हत निघून जातो. पोरं खदाखदा हसतात. भीती दाखवून ती हशात सोडून देणं, हे खलनायक रचण्याचं फार अवघड काम आहे आणि इथं ते साधलंय.

आता खुपण्याबद्दल.

रडयार्ड किपलिंगच्या मूळ कथांमध्ये ‘का’ खलनायक नाहीच. किपलिंगचा जन्म १८६५चा, मुंबईचा, वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. ‘द जंगल बुक’ आलं १८९४ साली आणि दुसरा भाग १८९५ साली, लिहिलं अमेरिकेत व्हरमाँटला बसून. गोष्ट घडते त्या मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या जंगलाचे तपशील त्याने बरेचसे रॉबर्ट स्टर्नडेल यांच्या सिवनीवरच्या पुस्तकातून घेतले. साम्राज्याबद्दलचे त्याचे विचार मला पटत नाहीत आणि कधी पटणार नाहीत. पण अजगराकडे त्याने जसं पाहिलं, तसं फार थोड्यांनी पाहिलंय.

त्याचा ‘का’ तीस फुटांचा, म्हातारा, कुणालाही न भिणारा. माकडं मोगलीला पळवून एका ओसाड नगरीत नेतात तेव्हा बल्लू आणि बगीरा मदत मागायला जातात ते ‘का’कडेच. कारण जंगलातली माकडं दुसऱ्या कुणालाच इतकी भीत नाहीत. तो येतो, डोक्याच्या धडकेने भिंत फोडतो, पोराला सोडवतो. मग चांदण्यात त्याचा तो भुकेचा नाच सुरू होतो. वेटोळी, चौकोन, आठाचे आकडे, सगळं अंग अखंड हलतंय. माकडं एकेक पाऊल पुढे सरकू लागतात. बल्लू आणि बगीराही ताठरतात, त्यांचेही पाय पुढे पडू लागतात. आणि मोगली? मोगली दोघांच्या खांद्यावर हात ठेवतो, त्यांना भानावर आणतो आणि बाहेर घेऊन जातो. त्याला काहीच झालेलं नसतं. एक मोठा साप वेड्यासारखे गोल गोल फिरत होता, एवढंच त्याला दिसलं.

हे लक्षात घ्या. पुस्तकात भूल पडते ती जनावरांवर, माणसाचं पोर शाबूत राहतं. चित्रपटाने नेमकं उलटं केलं: पोरालाच भूल घातली. पुस्तकात भूल आहे ती सगळ्या अंगाच्या हालचालीत. चित्रपटाने ती दोन डोळ्यांत कोंडली. गोष्टीचा अर्थच पालटला. किपलिंगच्या कथेत मोगलीचं माणूसपण त्याला वाचवतं आणि त्याच क्षणी मित्रांपासून थोडं वेगळंही करतं. चित्रपटात मोगली एक साधंसुधं पोरगं, ज्याला कुणीही भुलवावं.

असं का केलं असेल? वॉल्ट डिस्ने १९६६च्या डिसेंबरात गेले, चित्रपट पुढच्या ऑक्टोबरात लागला. त्यांनी स्वतः लक्ष घातलेला हा शेवटचा ॲनिमेशनपट. बिल पीट यांनी आधी रचलेली कथा पुस्तकाच्या जवळची आणि गडद होती. वॉल्टना हलकंफुलकं हवं होतं, दोघांचं बिनसलं आणि पीट स्टुडिओ सोडून गेले. नव्या हलक्या मांडणीत कुणाला तरी कपटी व्हायचं होतं. मला वाटतं, ज्या समाजात सापाची पहिली गोष्टच बायबलमधल्या, बागेतल्या बाईला फळ खायला फितवणाऱ्या सापाची आहे, तिथं ही भूमिका कुणाकडे जाणार हे ठरलेलंच होतं. ‘द जंगल बुक’चे दिग्दर्शक वुल्फगँग रायथरमन यांनीच दिग्दर्शित केलेल्या १९७३च्या ‘रॉबिन हूड’मध्ये सर हिस नावाचा आणखी एक साप आहे, तोही डोळ्यांनी भूल घालणारा. साचा पक्का झाला होता.

आपल्याकडचं काय? आपल्याकडेही अघासुर आहे, गुहेसारखा जबडा वासून पडलेला, गोपाळ ज्याच्या तोंडात चालत गेले तो. पण तेवढ्यावर आपली गोष्ट थांबत नाही. महाभारताच्या वनपर्वात भीमाला एक अजगर पकडतो. हा नहुष राजा, अगस्तींच्या शापाने अजगर झालेला. भीमाचं सगळं बळ त्या विळख्यात निकामी होतं. युधिष्ठिर येतो तेव्हा अजगर त्याला प्रश्न विचारतो: ब्राह्मण कोणाला म्हणावं? युधिष्ठिर जन्मावर बोट ठेवत नाही, सत्य, दान, क्षमा, शील यांवर ठेवतो. उत्तरं ऐकून अजगर भीमाला सोडतो आणि स्वतःही सुटतो. अख्ख्या गोष्टीत सगळ्यात खोल प्रश्न अजगराच्या तोंडी आहे.

आणि दत्तगुरूंचे चोवीस गुरू तर आपल्या आजीलाही पाठ असतात. पृथ्वी, वायू, आकाश यांच्या ओळीत अजगरही आहे. जे समोर आलं त्यात भागवणारा, नाही आलं तर पडून राहणारा. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ही अवधूताची गोष्ट एकनाथांनी मराठीत आणली. ज्या भाषेत अजगर गुरू म्हणून पोचलाय, त्या भाषेतली पोरं आज मला विचारतात, मॅडम, अजगर वाईट असतो ना?

माझ्या पिढीचं असं नव्हतं. नव्वदीच्या सुरुवातीला दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा. ती जपानची मालिका होती, निप्पॉन ॲनिमेशनची, बावन्न भागांची. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. त्यातला ‘का’ मोगलीचा मित्र होता, मोठा, जुना, जाणता. आमच्या आळीत टीव्ही एकच होता आणि अंगणापर्यंत माणसं बसायची. अजगर पडद्यावर आला म्हणून कुणी डोळे झाकल्याचं मला आठवत नाही. डिस्नेचा ‘का’ मी खूप नंतर पाहिला, मोठेपणी, आणि माझी पहिली भावना हीच होती की याने ‘का’चं नाव चोरलंय.

मागच्या पावसाळ्यात एका तलावावर ढिवरांच्या जाळ्यात अजगर अडकला होता. वनरक्षकाला कळवून मी पोचले तर पाळीवर निम्मं गाव जमलेलं. जाळं गळ्याशी रुतलेलं, अजगर थकलेला, फूत्कार मात्र जोरात. एक म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, “मॅडमजी, त्याच्या तोंडासमोरून बाजूले व्हा. सासेनं ओढून घेते तो.” हा समज आमच्याकडे घरोघरी आहे. तिच्या शेजारी माझ्याच वर्गातला एक पोरगा उभा होता. तो अजगराच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. थोड्या वेळाने अगदी गंभीरपणे त्याने विचारलं, “मॅडम, याचे डोळे कधी फिरतीन?”

आजीचा श्वास आणि नातवाच्या वयाच्या पोराचे डोळे. दोघं एकाच जनावरापुढे उभे होते आणि दोघांना वेगवेगळी भूल ठाऊक होती. जाळं कापून, पंचनामा होऊन, अजगर तलावाच्या वरच्या अंगाला सोडून झाल्यावर मी त्या दोघांशीही बराच वेळ बोलले. आजींना सांगितलं की तो ओढत नाही, वाट पाहतो. सावज टप्प्यात येईपर्यंत तासन् तास हलत नाही, त्याच्या ओठांवरच्या खळग्यांना गरम रक्ताच्या प्राण्याची ऊब अंधारातही कळते, आणि मग जी झेप असते ती पाहणाऱ्याच्या नजरेला सापडतच नाही. बकरीचं पिल्लू होतं आणि क्षणात नव्हतं, म्हणून माणसाला वाटलं श्वासाने ओढलं.

डोळ्यांचं उत्तर त्याहून सोपं आहे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, कायमचा. म्हणून साप डोळे मिचकावत नाही, मिटतही नाही. आपल्याला वाटतं तो रोखून पाहतोय. कात टाकताना तो खवलाही कातीबरोबर निघतो. बांधावर पडलेली कात पोरं शाळेत घेऊन येतात तेव्हा मी भिंग देते आणि डोळ्यांच्या जागच्या त्या दोन गोल काचा शोधायला लावते. किपलिंगला हे ठाऊक होतं. ‘का’ने नुकतीच कात टाकलीय आणि मोगली ती जुनी कात हातात घेऊन पाहतोय, असं एका कथेच्या सुरुवातीला येतं. डोळ्यांवरचे खवलेसुद्धा जसेच्या तसे उतरलेत, असं तो पोरगा पुटपुटतो. डिस्नेने ज्या डोळ्यांत रंगीत कडी फिरवली, त्याच डोळ्यांबद्दलचं हे एवढं बारीक निरीक्षण मूळ गोष्टीत होतं. ते पडद्यावर कुणीच आणलं नाही.

वेटोळ्याचंही तेच. चित्रपटात वेटोळं म्हणजे फास. खऱ्या जंगलात ते शिकारीचं हत्यार आहेच. बोआ जातीच्या सापांवरच्या संशोधनात दिसलं की आवळल्याने भक्ष्याचं रक्ताभिसरणच थांबतं, श्वास कोंडण्याची वेळही येत नाही. पण तेच वेटोळं अजगराची मादी अंड्यांभोवती घालते. पिल्लं निघेपर्यंत, साधारण दोनेक महिने, ती अंडी क्वचितच सोडते. थंडी वाटली तर स्नायू आखडून सैल सोडत स्वतः थरथरते आणि त्या थरथरण्याने अंड्यांना ऊब देते. सापांमध्ये ही गोष्ट विरळा. २०१६च्या चित्रपटात ‘का’ मादी झाली, इंग्रजीत स्कार्लेट जोहान्सन आणि हिंदीत प्रियांका चोप्रा यांचा आवाज. मला वाटलं होतं आता तरी हे वेटोळं वेगळं दिसेल. तिथंही ती पोराला भुलवून गिळायलाच आली होती.

म्हणून मी वर्गात चित्रपट दाखवते तेव्हा तो तिथंच सोडत नाही. दुसऱ्या दिवशी किपलिंगची रानकुत्र्यांची गोष्ट सांगते. ही ‘का’ची सगळ्यात मोठी गोष्ट आणि आमच्यासाठी सगळ्यात जवळची. कारण त्यात रानकुत्र्यांची झुंड येते ती दख्खनमधून, म्हणजे आपल्याच बाजूने वर चढून, आणि सगळं घडतं ते वैनगंगेवर. सिवनी जिल्ह्यात उगम पावून भंडारा, गोंदिया, गडचिरोलीतून वाहणारी आपली वैनगंगा. पोरांना हे कळलं की वर्गात एकदम चुळबुळ सुरू होते. आपली नदी? पुस्तकात?

लांडग्यांचा कळप त्या झुंडीपुढे टिकणार नाही. मोगली कळपाबरोबर मरायला तयार आहे आणि ‘का’ला तसं सांगतो. ‘का’ त्याला धीर देत नाही की रागवत नाही. तो पडून राहतो, निश्चल, आणि आपल्या लांबलचक आयुष्यातलं सगळं पाहिलेलं आठवत राहतो. मोगली त्याच्या अंगाला टेकून झोपून जातो. मग ‘का’ला फार पूर्वीचं एक हरीण आठवतं, पाठलागाला घाबरून कड्यावरून नदीत उडी टाकलेलं. त्या घळीच्या दोन्ही कड्यांवर रानमधमाश्यांची पोळी आहेत, आणि त्या माश्यांच्या वाटेला जंगलात कुणी जात नाही. तो मोगलीला तिथं घेऊन जातो, प्रवाह दाखवतो, उडी कुठून मारायची ते दाखवतो. दुसऱ्या दिवशी मोगली झुंडीला चिडवून मागे लावतो, धावत येतो आणि कड्यावरून स्वतःला झोकून देतो. माश्या उठतात त्या मागून येणाऱ्या कुत्र्यांवर. खाली पाण्यात ‘का’ थांबलेला असतो. पोरगं प्रवाहात वाहून जाऊ नये म्हणून तो त्याला वेटोळ्यात धरतो.

तेच अंग, तेच पोरगं, तोच विळखा. इथं त्याच विळख्यामुळे पोराचा जीव वाचतो.

हा प्रसंग कुणीतरी नीट रेखाटावा अशी माझी फार इच्छा आहे. पुण्या-मुंबईत ॲनिमेशन शिकणारी इतकी मुलं आहेत, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर त्याला माझं आग्रहाचं निमंत्रण आहे. थंडीत इकडे या. सकाळी उन्हं वर आली की साळिंदराच्या जुन्या बिळांबाहेर अजगर ऊन खात पडलेले दिसतात. लांबून पाहा, तास-दोन तास बसून पाहा. वही बरोबर असू द्या. डिस्नेचा ‘का’ फांद्यांवरून नागमोडी सळसळतो, पण पूर्ण वाढलेला अजगर घाई नसेल तेव्हा तसा चालत नाही. पोटाखालचे रुंद खवले पुढे सरकवत, जमिनीला धरत, तो सरळ रेषेत जातो, वळण न घेता, जणू काही हलतच नाहीये. ती चाल मला अजून कुठल्याच पडद्यावर दिसलेली नाही.